भांडवल लाखाचे, जमीन कोटींची: कंपनी कायद्यापुढे गोव्याचा एक प्रश्न

गोव्यात गेली काही वर्षे ग्रामसभांमध्ये जमिनीवरून जे वाद होतात, त्यांत एक अडचण पुन्हा पुन्हा दिसते. डोंगर कापायला सुरुवात होते, जुन्या भाटाला (बागायतीला) पत्र्यांचे कुंपण पडते, झोन म्हणजे जमिनीच्या वापराचा वर्ग बदलण्याचा अर्ज राजपत्रात येतो आणि अर्जदार म्हणून एखाद्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचे नाव असते. गावात ते नाव कुणी ऐकलेले नसते. पंचायतीला विचारले तर पत्ता मिळतो, आणि तो बहुतेक वेळा दुसऱ्याच राज्यातल्या एखाद्या इमारतीतल्या खोलीचा असतो. माणूस मात्र सापडत नाही.

हा जमीन कायद्याचा, नगरनियोजनाचा, फार तर राजकारणाचा प्रश्न आहे असे आपण मानत आलो. मला वाटते, त्याचा मोठा भाग कंपनी कायद्यात आहे. गेल्या दहा-बारा वर्षांत त्या कायद्यात झालेल्या सुधारणांकडे गोव्यात आपण पुरेसे लक्ष दिलेले नाही. छोट्या धंदेवाईकांचा भार हलका करण्यासाठी दिलेल्या सवलती जमीन धरून बसलेल्या कागदी कंपन्यांनाही मिळाल्या, आणि खऱ्या छोट्या कंपनीला जिथे चिमटा बसतो तिथे त्या पोचल्याच नाहीत.

आधी सुधारणा काय झाल्या ते पाहू. १९५६ च्या कंपनी कायद्यात ६५८ कलमे होती. त्याच्या जागी आलेल्या २०१३ च्या कायद्यात ४७० आहेत. नव्या कायद्याने एकट्या माणसाला कंपनी काढण्याची मुभा दिली आणि ‘लघु कंपनी’ असा एक वेगळा वर्ग तयार केला. २०१५ च्या दुरुस्तीने प्रायव्हेट कंपनीसाठी किमान १ लाख रुपये भांडवलाची अट काढून टाकली. २०१९ आणि २०२० च्या दुरुस्त्यांनी कितीतरी तांत्रिक चुका फौजदारी गुन्ह्यांच्या यादीतून बाहेर काढल्या आणि त्या दंडावर आणल्या. एखादा फॉर्म भरायचा राहिला म्हणून संचालकाने दंडाधिकाऱ्यासमोर उभे राहावे ही व्यवस्था कुणाच्याच भल्याची नव्हती. ती गेली हे चांगलेच झाले.

लघु कंपनीची व्याख्या मात्र फुगतच गेली. सुरुवातीला भरणा झालेले भांडवल ५० लाख रुपयांपर्यंत आणि उलाढाल २ कोटींपर्यंत अशी मर्यादा होती. २०२१ मध्ये ती २ कोटी आणि २० कोटी झाली, २०२२ मध्ये ४ कोटी आणि ४० कोटी. १ डिसेंबर २०२५ पासून ती १० कोटी आणि १०० कोटी आहे. या कलमात जितकी कमाल मर्यादा घालून दिली आहे, तिथपर्यंत नियम जाऊन पोचले.

या वर्गात बसणाऱ्या कंपनीला वर्षाला संचालक मंडळाच्या दोनच बैठका पुरतात. रोख प्रवाहाचे पत्रक जोडावे लागत नाही. वार्षिक विवरणपत्र छोटे असते. कायद्याने ठरवलेला दंड निम्मा होतो, आणि तोही कंपनीसाठी २ लाख व अधिकाऱ्यासाठी १ लाख रुपयांच्या वर जात नाही. कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रांचे सुटे भाग बनवणारे कुटुंब किंवा म्हापशात दोन दुकाने चालवणारे भाऊ यांना या सवलती हव्याच होत्या. त्यांच्याकडे कंपनी सेक्रेटरी नसतो. सगळी कागदपत्रे सनदी लेखापालाच्या कार्यालयातला एखादा मुलगा सांभाळतो. बडी कंपनी आणि ही कंपनी यांना एकच नियमावली लावणे हा अन्याय होता.

पण व्याख्या फक्त दोन गोष्टी मोजते: भांडवल आणि उलाढाल. कंपनीच्या नावावर काय आहे हे ती विचारत नाही.

आता एक कल्पित उदाहरण घ्या. चार जण मिळून एक प्रायव्हेट कंपनी काढतात. भांडवल १ लाख रुपये. मोपाचा विमानतळ सुरू झाल्यापासून पेडण्यात जमिनीला जो भाव आला, तो डोळ्यासमोर ठेवून कंपनी तिथे २० कोटींची जमीन घेते. पैसा संचालकांनी कंपनीला दिलेल्या कर्जातून येतो. संचालकाने स्वतःच्या पैशातून दिलेले कर्ज कायद्याच्या दृष्टीने ठेव नसते, त्यामुळे त्याला फारशी आडकाठी नाही. कंपनी काही विकत नाही, काही बनवत नाही, म्हणून उलाढाल शून्य. ती दुसऱ्या कंपनीची उपकंपनी नसेल तर ही लघु कंपनीच ठरते. ५० लाखांची जुनी मर्यादा असतानाही ती बसली असती आणि आजही बसते. मधल्या काळात फरक एवढाच पडला की लघु कंपनीला मिळणाऱ्या सवलतींची यादी वाढली, आणि त्यांतल्या दोन सवलती नेमक्या अशा कंपनीच्या पथ्यावर पडल्या.

पहिली सवलत डीमॅटची. २७ ऑक्टोबर २०२३ च्या नियमांनी प्रायव्हेट कंपन्यांना आपले शेअर कागदावरून डीमॅटमध्ये, म्हणजे इलेक्ट्रॉनिक नोंदीत, आणायला सांगितले. त्यासाठीची मुदत पुढे जून २०२५ पर्यंत वाढवली गेली. माझ्या मते ही अलीकडच्या काळातली सर्वांत महत्त्वाची सुधारणा आहे. कागदी शेअर कुणी कुणाला कधी दिला हे कंपनीच्या कपाटात राहते, आणि हस्तांतरणाच्या फॉर्मवर मागची तारीख घालणे अवघड नसते. डीमॅटमध्ये ती घालता येत नाही, व्यवहाराची नोंद डिपॉझिटरीकडे, म्हणजे शेअरची खाती सांभाळणाऱ्या संस्थेकडे, राहते. पण लघु कंपन्या या नियमातून वगळल्या आहेत. गावातल्या कारखान्याला वगळले ते योग्य, कारण डीमॅटचा खर्च आणि खटपट त्याला परवडणारी नाही. त्याच दारातून २० कोटींची जमीन असलेली कंपनीही बाहेर पडली.

दुसरी सवलत लेखापरीक्षणाची. केंद्र सरकारच्या २०२० च्या आदेशानुसार लेखापरीक्षकाला आपल्या अहवालात सांगावे लागते की कंपनीच्या स्थावर मालमत्तेची मालकीपत्रे कंपनीच्याच नावावर आहेत की नाहीत. गोव्यात हा प्रश्न किती जिव्हाळ्याचा आहे हे वेगळे सांगायला नको. इथे एकेका सर्व्हे नंबरामागे पोर्तुगीज काळातले दस्तऐवज, अर्धवट राहिलेल्या इन्व्हेंटरी (वारसांतल्या वाटणीची न्यायालयीन प्रकरणे), मुंडकारांचे (भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणाऱ्यांचे) हक्क आणि कोमुनिदादीचे (जुन्या गावसंस्थेचे) दावे असतात. खोट्या कागदपत्रांवर जमिनी बळकावल्याच्या तक्रारी इतक्या वाढल्या की २०२२ मध्ये सरकारला विशेष तपास पथक नेमावे लागले. तरीही लेखापरीक्षकाचा हा आदेश लघु कंपनीला लागू नाही. मालकीपत्र दुसऱ्याच्या नावावर असेल तर कंपनीने ताळेबंदाच्या टिपांमध्ये ते स्वतः नमूद करायचे असते, हे खरे. पण कंपनीने स्वतःबद्दल सांगणे आणि बाहेरच्या तज्ज्ञाने तपासून सांगणे या दोन गोष्टींत जे अंतर आहे, त्यातच तर बनावट विक्रीखत जगते.

यात शेअर विक्रीची भर घाला. जमीन माणसाच्या नावावर असेल तर ती विकताना निबंधकासमोर विक्रीखत होते, मुद्रांक शुल्क भरले जाते, म्युटेशन (मालकबदलाची नोंद) होते, फॉर्म एक आणि चौदावर, म्हणजे गोव्यातल्या सातबाऱ्यावर, नवे नाव चढते. जमीन कंपनीच्या नावावर असेल तर कंपनीचेच शेअर विकता येतात. सर्व्हेच्या नोंदीत काहीच हलत नाही, कारण मालक तीच कंपनी राहते. शेअर हस्तांतरणावरचे मुद्रांक शुल्क २०२० पासून देशभर ०.०१५ टक्के आहे, म्हणजे १० कोटींच्या व्यवहाराला १५ हजार रुपये. तेवढ्याच किमतीच्या विक्रीखतावर शुल्क आणि नोंदणी फी मिळून ही रक्कम कितीतरी लाखांच्या घरात जाते. आयकर खाते अशा शेअरची किंमत काढताना जमिनीचे सरकारी मूल्य धरते, त्यामुळे केंद्राला आपला कर काही अंशी तरी मिळतो. राज्याच्या तिजोरीचे आणि गावाच्या माहितीचे नुकसान मात्र भरून निघत नाही.

आपल्या नागरी कायद्याशीही याचा संबंध येतो, आणि तो फारसा बोलला जात नाही. गोव्यात पती-पत्नींची मालमत्ता सामाईक असते आणि जमीन विकायला दोघांच्या सह्या लागतात. हा हक्क १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आपल्याकडे आला, आणि बायकांना त्याने दिलेले संरक्षण देशात इतरत्र सहज सापडत नाही. कुटुंबाची जमीन कंपनीत घातली की ती विकायला संचालक मंडळाचा ठराव पुरतो. संचालकाच्या पत्नीची सही तिथे लागत नाही. शेअरवर तिचा हक्क राहील, पण जमीन हातची जाण्याआधी तिला विचारले जाण्याची जी खात्री होती, ती राहत नाही.

‘माहिती सगळी उघड आहे, कुणीही बघू शकतो’ असे यावर सांगितले जाते. ते अर्धे खरे आहे. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर १०० रुपये भरून कंपनीची दाखल केलेली कागदपत्रे पाहता येतात आणि वार्षिक विवरणपत्रासोबत भागधारकांची यादीही असते. आपल्या ग्रामसभांमध्ये सक्रिय असलेल्या तरुणांनी ही सोय वापरायला शिकावे असे मला मनापासून वाटते. पण ती यादी ३१ मार्चची असते आणि नोव्हेंबर संपेपर्यंत दाखल होते. मधल्या काळात शेअर कुणाकडे गेले ते दिसत नाही. यादीत माणसाऐवजी दुसऱ्याच कंपनीचे नाव असेल तर पुन्हा १०० रुपये आणि पुन्हा तीच वाट. खरा लाभधारक कोण, याची नोंद ठेवण्याची सक्ती कलम ९० मध्ये आहे. ज्याचा प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष हिस्सा १० टक्के किंवा अधिक आहे त्याने स्वतःला जाहीर करायचे असते. ही नोंदवही बघण्याचा हक्क कायद्याने कंपनीच्या भागधारकांना दिला आहे. गावच्या माणसाला तो नाही. ब्रिटनमध्ये कंपनीवर नियंत्रण असणाऱ्या व्यक्तींची नोंद २०१६ पासून सर्वांसाठी खुली आहे, आणि त्यामुळे तिथला धंदा बुडालेला नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो. हा गोंयकार विरुद्ध बाहेरचे असा वाद मी मांडत नाही. कंपनीच्या आडून जमीन धरणारे इथलेही आहेत. परदेशी नागरिकांनी कंपनी काढून गोव्यात जमिनी घेतल्याच्या प्रकरणांची चौकशी या शतकाच्या पहिल्या दशकात झाली, तेव्हा त्यांना कागद करून देणारे बरेचसे आपलेच होते. माझा आग्रह एवढाच आहे की जमिनीचे भवितव्य ठरवणारा माणूस ओळखता आला पाहिजे, मग तो दिल्लीचा असो वा डिचोलीचा.

मग लघु कंपनीच्या व्याख्येत मालमत्तेचा निकष आणावा, ही माझी पहिली मागणी. ज्या कंपनीकडे स्वतःच्या धंद्यात न वापरलेली स्थावर मालमत्ता ठराविक मूल्याच्या वर आहे, तिला लघु कंपनी मानू नये. ताळेबंदातली किंमत धरून चालणार नाही, कारण १९९० मध्ये घेतलेली जमीन तिथे १९९० च्याच भावाने उभी असते. आयकराचे नियम ज्या पद्धतीने जमिनीचे मुद्रांक मूल्य धरतात तीच पद्धत इथे उचलता येईल. नवीन काही शोधायची गरज नाही. कुंडईचा कारखानदार आपल्या शेडच्या जागेमुळे यात अडकणार नाही, कारण ती जागा त्याच्या धंद्यात वापरात आहे. हॉटेल चालवणारी कंपनीही अडकणार नाही.

हे काम संसदेचे आणि मंत्रालयाचे आहे, कारण कंपन्यांची स्थापना आणि नियमन हा विषय राज्यघटनेने केंद्राकडे ठेवला आहे. पण जमीन हा राज्याचा विषय आहे, आणि गोवा विधानसभेला हात बांधून बसण्याचे कारण नाही. १९६८ च्या जमीन महसूल संहितेखाली बिगरशेतीची सनद मागणारा अर्जदार कंपनी असेल, किंवा टीसीपीकडे, म्हणजे नगरनियोजन खात्याकडे, झोन बदलाचा अर्ज करणारी कंपनी असेल, तर १० टक्के किंवा त्याहून जास्त हिस्सा असलेल्या प्रत्येक व्यक्तीचे नाव अर्जात लिहायला लावता येते. ते नाव जाहीर सूचनेत छापता येते. परवानगी मिळाल्यानंतर पाच वर्षांत त्या व्यक्ती बदलल्या तर कळवण्याची अट सनदेत घालता येते. यासाठी कंपनी कायद्याला हात लावावा लागत नाही. फक्त राज्याला ते करायचे आहे का, हा प्रश्न आहे, आणि तो आपण आपल्या आमदारांना विचारला पाहिजे.

आता दुसऱ्या टोकाकडे वळतो, कारण कागदी कंपनीवर कडक व्हा म्हणताना खऱ्या छोट्या कंपनीचे हाल विसरणे बरोबर होणार नाही. १ जुलै २०१८ पासून ताळेबंद आणि वार्षिक विवरणपत्र या दोन फॉर्मना उशीर झाला तर प्रत्येक फॉर्ममागे दिवसाला १०० रुपये जादा फी लागते. तिला कमाल मर्यादा नाही. एक फॉर्म वर्षभर राहिला तर ३६,५०० रुपये, दोन्ही मिळून ७३,०००. लघु कंपनीला दंड निम्मा आहे, पण ही जादा फी कायद्याच्या भाषेत दंड नाही, म्हणून तिथे सवलत मिळत नाही. १ लाख भांडवलाच्या बंद पडलेल्या कंपनीलाही तेवढीच फी आणि हजार कोटींच्या कंपनीलाही तेवढीच. चतुर्थीच्या आगेमागे गोव्यातली निम्मी कार्यालये रिकामी असतात आणि वार्षिक सभेची ३० सप्टेंबरची तारीख नेमकी त्याच सुमाराला येते. हे कारण कायद्यापुढे चालणार नाही आणि चालावे असेही मी म्हणत नाही. पण फीला कंपनीच्या आकाराप्रमाणे मर्यादा हवी.

खाणपट्ट्यात याचा फटका कसा बसला असेल, याची कल्पना करता येते. ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम थांबवले, आणि ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ लिजांचे नूतनीकरण रद्द झाले. डिचोली, सत्तरी, सांगे, केपे, धारबांदोडा या भागांत ट्रक, बार्जेस, यंत्रसामग्री यांवर उभी असलेली छोटी आस्थापने एका फटक्यात निकामी झाली. ज्यांनी त्यासाठी प्रायव्हेट कंपनी काढली होती, त्यांना बँकेचा हप्ता कसा भरायचा ही चिंता होती. विवरणपत्र कुणाच्या मनातही नसेल. आणि सलग तीन वर्षे विवरणपत्र दाखल झाले नाही की संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतो. २०१७ मध्ये मंत्रालयाने देशभरात सव्वादोन लाखांच्या आसपास कंपन्यांची नावे नोंदवहीतून काढली आणि तीन लाखांहून अधिक संचालकांना अपात्र ठरवले. त्यांत बोगस कंपन्या होत्याच, पण त्याच धडाक्यात बुडालेले धंदेही गेले. दोघांना वेगळे करण्याची कसलीही चाळणी त्या कारवाईत नव्हती.

नाव काढलेली कंपनी पुन्हा नोंदवहीत आणायची असेल तर राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे जावे लागते. गोव्यासाठी ते मुंबईत आहे. जून २०१६ मध्ये हे न्यायाधिकरण स्थापन होण्याआधी असा अर्ज उच्च न्यायालयात होत असे, आणि आपल्याकडे उच्च न्यायालयाचे गोवा खंडपीठ होते. २०१३ मध्ये सेसा गोवा आणि स्टरलाइट इंडस्ट्रीज यांच्या विलीनीकरणाच्या योजनेला सेसा गोवाच्या बाजूची मंजुरी याच खंडपीठाने दिली होती. देशातल्या बड्या उद्योगसमूहांपैकी एकाचा प्रश्न गोव्यात ऐकला गेला, आणि आज कुडचड्याच्या ट्रकमालकाला आपल्या छोट्या कंपनीचे नाव परत मिळवायला मुंबईचा वकील शोधावा लागतो. सुनावणी दूरस्थ पद्धतीने होऊ शकते, हा दिलासा आहे. पण वकील मुंबईचा, फी मुंबईची, आणि तारखाही मुंबईच्या गर्दीतल्या.

१९५६ च्या कायद्यात ६२०-ब हे कलम होते. गोवा, दमण आणि दीवमधल्या कंपन्यांना कायद्याची एखादी तरतूद लागू करू नये किंवा बदल करून लागू करावी, असा अधिकार त्याने केंद्राला दिला होता. मुक्तीनंतर इथल्या कंपन्या पोर्तुगीज कायद्याखालून भारतीय कायद्याखाली येत होत्या, आणि त्यांची घडी वेगळी आहे हे दिल्लीने त्या वेळी ओळखले होते. तसे खास कलम आज मागण्याची गरज नाही.

पण कंपनी निबंधकाचे कार्यालय पणजीत पाटोवर आहे. आयकर अपिलीय न्यायाधिकरणाचे खंडपीठही पणजीत आहे. करदात्याला आपल्या गावाजवळ न्याय मिळावा हे जर मान्य आहे, तर कंपनी न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाने महिन्यातून दोन दिवस पणजीत बसायला कोणतीही मोठी अडचण असू नये. सुरुवातीला फक्त नाव पुनर्स्थापनेचे अर्ज आणि छोट्या कंपन्यांतल्या भागधारकांचे वाद घेतले तरी चालतील. गोवा चेंबर या उद्योजकांच्या संघटनेने आणि इथल्या सनदी लेखापालांनी एकत्र येऊन ही मागणी मंत्रालयाकडे लेखी न्यावी, आणि तिच्यासोबत जादा फीला मर्यादा घालण्याचा व लघु कंपनीच्या व्याख्येत मालमत्तेचा निकष आणण्याचा मसुदाही द्यावा.